बाबांची सुई बंद करायची का?

पत्र

डॉक्टरताई, नमस्कार.

माझे बाबा ६७ वर्षांचे आहेत. तेरा दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, पाचव्या दिवशी घरी सोडलं. रोज रात्री पोटावर रक्त पातळ करायची सुई द्यायला सांगितली आहे, एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, एकूण ३५ दिवस. ती मीच देते. आता बेंबीच्या दोन्ही बाजूंना काळेनिळे डाग पडलेत. हिमोग्लोबिन ऑपरेशनच्या आधी १३ होतं, ते ९.८ वर आलंय. दादा म्हणतो, आधीच रक्त कमी झालंय, ते आणखी पातळ कशाला करायचं? परवा त्याने स्वतःच लॅबमधून तपासण्या करून आणल्या. प्लेटलेट्स ४ लाख ९० हजार आल्या. ऑपरेशनच्या आधी २ लाख ३० हजार होत्या. डी-डायमर तर खूपच जास्त आलाय. घरात सगळे घाबरलेत.

शिवाय डिस्चार्जच्या कागदांत लिहिलंय की ऑपरेशनच्या वेळी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं. म्हणजे सकाळी रक्त थांबवायचं औषध आणि त्याच रात्रीपासून रक्त न गोठण्याचं! डॉक्टरांचंच एक काही ठरलेलं नाही, असं दादाचं म्हणणं. या वादावादीत कालची सुई राहिली. बाबा चालायचा कंटाळा करतात, दिवसभर खुर्चीत बसून असतात. पोटरी दुखते म्हणतात, म्हणून दादा चोळून देतो. मी काय करू?

– बाबांची धाकटी

उत्तर

तुमचं पत्र या सदरात छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून ज्या संध्याकाळी मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला चार ओळी पाठवल्या. आधी सर्जनना फोन करा. सुई चुकली आहे आणि पोटरी दुखते आहे, या दोन्ही गोष्टी सांगा. राहिलेली सुई भरून काढायला दोन एकदम देऊ नका. आणि चोळणं आत्ताच्या आत्ता बंद. दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला: पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली, शिरेत गुठळी नाही, सुई पुन्हा सुरू झाली. तो वाचून मला किती हायसं वाटलं ते काय सांगू. आता निवांतपणे लिहिते, कारण हा वाद तुमच्या एकट्यांच्या घरातला नाही.

दादांच्या शंकेपासून सुरुवात करते. ती शंका अगदी रास्त आहे आणि तिचं उत्तर त्यांना ऑपरेशनच्या आधीच मिळायला हवं होतं. सकाळी एक औषध आणि रात्री त्याच्या उलट, असं कागदावर दिसतं खरं. पण ही दोन औषधं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. त्यांची कामं वेगळी आहेत, वेळाही वेगळ्या आहेत.

मी भूलतज्ज्ञ आहे. तीसेक वर्षं ऑपरेशन टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभी राहिले आहे. तिथून जखम पुरती दिसत नाही, पण सक्शनची बाटली दिसते आणि रक्ताने भिजलेले मॉप, म्हणजे जखमेतलं रक्त टिपायची कापडं, मोजायला ठेवतात तो ट्रे दिसतो. ते मॉप आम्ही तराजूवर टाकतो. कोरड्या मॉपचं वजन वजा केलं की उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर रक्त. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये ही मोजणी मी फार लक्ष देऊन करते, कारण हाडातून येणारं रक्त थांबवणं अवघड. रक्तवाहिनी कापली गेली तर ती चिमट्यात धरून बांधता येते किंवा डाग देऊन बंद करता येते. कापलेलं हाड मात्र आतून स्पंजासारखं असतं. त्याच्या प्रत्येक भोकातून रक्त झिरपतं आणि तिथे टाका घालता येत नाही. तिथे शरीरालाच आपलं काम करावं लागतं.

ते काम असं चालतं. जखमेच्या काठावर आधी प्लेटलेट्स चिकटतात. त्याच वेळी जखमी पेशींमधला एक पदार्थ रक्ताला लागतो आणि रक्तातले घटक एकामागून एक जागे होत जातात. शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं. ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे करतं, आणि त्या फायब्रिनच्या धाग्यांच्या जाळीत गुठळी पक्की बसते. इथवर बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की शरीर एकीकडे जाळी विणत असताना दुसरीकडे ती उसवतही असतं. प्लाझमिन नावाचा पदार्थ धागे कापत असतो. एरवी हे फार गरजेचं आहे, नाहीतर बारीकसारीक जाळ्यांनीच शिरा तुंबल्या असत्या. पण मोठ्या ऑपरेशनमध्ये पहिल्या काही तासांत उसवण्याचं हे काम जोर धरतं आणि हाडावर नुकतीच बसू लागलेली गुठळी टिकत नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड इथे उपयोगी पडतं. ते रक्त गोठवत नाही. प्लाझमिन ज्या जागी धाग्याला पकडतं, ती जागा ते अडवतं. म्हणजे विणलेलं उसवू देत नाही, एवढंच त्याचं काम. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या जोडप्याने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका दगावू नयेत ही उताकोबाईंची तळमळ होती. आज सांधे बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये ते जगभर वापरतात. शिरेतून दिलेलं औषध काही तासांत लघवीवाटे निघून जातं. तुमच्या बाबांच्या अंगात ते दुसऱ्या दिवसापर्यंतही उरलेलं नव्हतं.

ऑपरेशन चालू असताना रक्त गोठण्याला आणखीही काही गोष्टी आड येतात. सलाइन जास्त चढवलं की गोठवणारे घटक विरळ होतात. अंग गार पडलं की प्लेटलेट्स सुस्तावतात, म्हणून आम्ही रुग्णावर गरम हवेचं पांघरूण घालतो. तांबड्या पेशी फार कमी झाल्या तरी रक्तस्राव वाढतो आणि याचं कारण मला स्वतःला फार सुंदर वाटतं. वाहत्या रक्तात तांबड्या पेशी मधोमध धावतात आणि छोट्या प्लेटलेट्सना कडेला, रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. जखम होते ती भिंतीलाच. तांबड्या पेशीच कमी असल्या की प्लेटलेट्सना कडेला रेटणारं कुणी नसतं.

पण हे सगळं झालं टेबलावरचं. रुग्ण वॉर्डात येतो, आणि एक-दोन दिवसांत पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं.

शरीराला वाटतं आपण फार मोठे जखमी झालो आहोत, आणि ते खरंच असतं. मग ते रक्त वाचवायची सगळी तयारी करतं. यकृत फायब्रिनोजेन भरभरून तयार करू लागतं. गोठण्यावर लगाम ठेवणारं अँटिथ्रॉम्बिन कमी पडतं. धागे उसवण्याचं काम, जे ऑपरेशनच्या वेळी जोरात होतं, ते आता जवळजवळ बंद पाडलं जातं. दुसऱ्या आठवड्यात अस्थिमज्जेतून जादा प्लेटलेट्स येऊ लागतात. वाघ मागे लागलेल्या माणसाला हे सगळं उपयोगी. जो माणूस घरात खुर्चीवर बसून आहे आणि ज्याच्या जखमेचे टाके कोरडे आहेत, त्याच्या पायातल्या शिरांना मात्र यातून धोका होतो.

आता दादांचे रिपोर्ट वाचू. प्लेटलेट्स २ लाख ३० हजारांवरून ४ लाख ९० हजार. अकराव्या दिवशी मी हाच आकडा धरला असता, थोडा इकडेतिकडे. दीड लाख ते साडेचार लाख ही नेहमीची मर्यादा आहे, पण मोठ्या ऑपरेशननंतर काही दिवस ती ओलांडली जाते आणि पुढच्या काही आठवड्यांत आकडा आपणहून खाली येतो. घाबरायचं ते उलट झालं तर. हेपरिनच्या कुळातली औषधं (बाबांची सुई त्यातलीच) सुरू झाल्यावर पाचव्या दिवसापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत प्लेटलेट्स एकदम निम्म्यावर आल्या, तर ती त्या औषधाची एक दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा त्याच दिवशी सर्जनना कळवावं लागतं. बाबांच्या बाबतीत तसं काही दिसत नाही.

डी-डायमर म्हणजे फायब्रिनचे धागे तुटल्यावर उरणारे तुकडे. खुब्यात एवढी मोठी जखम भरून येते आहे, तिथे धागे विणले जाणार, तुटणार, आणि तुकडे रक्तात दिसणार. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे ही तपासणी वाढलेलीच येते. त्यामुळे या दिवसांत ती करून ना गुठळी आहे हे कळत, ना नाही हे कळत. दादांनी काळजीपोटी धावपळ केली, त्यांना बोल लावू नका. फक्त एवढं सांगा, की गुठळीची शंका आली तर पायाची डॉपलर सोनोग्राफी लागते, लॅबमधला हा आकडा नाही.

हिमोग्लोबिनचा मुद्दा उरला. इथे माझा राग आहे तो ‘रक्त पातळ करायची सुई’ या शब्दांवर. आम्ही डॉक्टरच ते वापरतो आणि मग घराघरांत घोटाळा होतो. रक्त खऱ्या अर्थाने पातळ होतं ते तांबड्या पेशी गेल्याने आणि सलाइन चढल्याने. ९.८ हे त्याचं माप. ते ऑपरेशनमध्ये झालं, सुईने नाही. सुई रक्तात पाणी घालत नाही. आपल्याच रक्तात असलेल्या अँटिथ्रॉम्बिनला ती चिकटते, त्याची पकड घट्ट करते आणि त्यामुळे थ्रॉम्बिन तयार होण्याचा वेग मंदावतो. आधी झालेली गुठळीही ती विरघळवत नाही. नवी विणू देत नाही आणि असलेली वाढू देत नाही. तेव्हा बाबांचं रक्त आज एकाच वेळी पातळही आहे आणि गोठायला उतावीळही आहे. पहिल्यासाठी सर्जन सांगतील ते लोह आणि आहार, दुसऱ्यासाठी ही सुई. हिमोग्लोबिन घरी आल्यानंतरही उतरत गेलं तर गोष्ट वेगळी. मग कुठेतरी रक्त जातं आहे का हे शोधावं लागतं. म्हणून सर्जन सांगतील तेव्हा ते पुन्हा तपासून घ्या आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा.

गुठळी पायातच का होते, हाही प्रश्न कुणीतरी विचारेलच. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १९व्या शतकाच्या मध्यात दाखवून दिलं, की फुफ्फुसात सापडणारी गुठळी बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी शिरेत तयार होऊन तिथे वाहत आलेली असते. पुढे त्यांच्या नावाने तीन कारणांची जोडणी रूढ झाली: रक्त गोठायला उतावीळ होणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्त तुंबून राहणं. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये ही तिन्ही एकत्र येतात. मांडीचं हाड आतून कोरायला पाय पिळून एका स्थितीत धरावा लागतो, तेवढा वेळ जांघेतली मोठी शीर मुरगळली जाते. हाडातला मगज रक्तात मिसळतो आणि गोठण्याला चालना देतो. आणि रक्त तुंबतं, कारण पोटरीचा पंप बंद असतो.

या पंपाविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरात सध्या खरी अडचण तिथेच आहे. हृदय पायापर्यंत रक्त पोचवतं, पण तिथून वर चढवायला त्याचा जोर पुरत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकलं की पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. प्रत्येक झडपेच्या मागे एक खोबण असते. चालत्या पायात ती सतत धुतली जाते. पाय निश्चल असला की त्या खोबणीत रक्त गोल गोल फिरत पडून राहतं, तिथला प्राणवायू कमी होतो आणि पहिले धागे बहुधा तिथेच विणले जातात. वाहत्या रक्तात जागे झालेले घटक पुढे वाहून जातात, विरळ होतात, यकृत ते काढून टाकतं. तुंबलेल्या रक्तात ते एकाच जागी साठत जातात. वॉर्डात बाबांच्या पायांना हवेने फुगणाऱ्या पट्ट्या लावल्या असतील तर आठवून बघा. दर मिनिटाला एकदा फुगायच्या, फुस्स करून सैल पडायच्या. तो उसना पंप होता. घरी तो नाही. घरी पोटरी आहे, पण ती खुर्चीवर लोंबकळते आहे.

पोटरी चोळण्याविषयी. माझ्या सख्ख्या मामाचं आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा मी डॉक्टर होऊन बारा वर्षं झाली होती. घरी आल्यावर पोटावरचे डाग बघून त्याने दहाव्या दिवशी सुई थांबवली, मला कुणी सांगितलं नाही. सतराव्या दिवशी मामीचा फोन आला, ‘डावा पाय जरा भरून आलाय, मी चोळून देतेय.’ मी घाईत होते. पाय उशीवर ठेवा म्हणाले आणि फोन ठेवला. सुई चालू आहे का, एवढं एक वाक्य विचारलं नाही. दोन दिवसांनी मामा न्हाणीघरातून बाहेर येताना दम लागून दारातच बसला. गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेला होता. तो वाचला. आयसीयूत चार दिवस काढले, तीन महिने गोळ्या घेतल्या, आणि त्यानंतर किती वर्षं तरी जिना चढताना मध्येच थांबून छातीवर हात ठेवायचा. त्या फोनची आठवण मला अजून होते. पोटरीत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटू शकते. म्हणूनच तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचून मी तेवढ्या घाईने लिहिलं. आता सोनोग्राफी चांगली आली आहे तरी चोळू नका.

सुई ३५ दिवस कशाला, आणखी एका आठवड्याने बंद केली तर काय होतं, असं दादा कदाचित आता म्हणतील. ब्रिटनमध्ये जवळजवळ दहा लाख मध्यमवयीन स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९मध्ये आले. ऑपरेशननंतर शिरेतली किंवा फुफ्फुसातली गुठळी होऊन दाखल होण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त तिसऱ्या आठवड्यात होतं आणि धोका बारा आठवड्यांपर्यंत वाढलेलाच राहिला. तिसरा आठवडा! तोपर्यंत टाके निघालेले असतात, भेटायला येणारे थांबलेले असतात, घरातले पुन्हा कामाला लागलेले असतात आणि सुईचा कंटाळा आलेला असतो. रक्तस्रावाची भीती सगळ्यांना पहिल्या दिवसापासून असते, कारण रक्त डोळ्यांना दिसतं. ती भीती खरी असते पहिल्या काही दिवसांत. गुठळी दिसत नाही, दुखेलच असंही नाही, आणि तिचा काळ घरी आल्यावर सुरू होतो. तुमचे बाबा आत्ता नेमके त्या काळात शिरले आहेत.

आणि ही सुई उपयोगी पडते याचा पुरावा जुना आणि पक्का आहे. लंडनमधले भारतीय वंशाचे सर्जन विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेली एक मोठी चाचणी १९७५मध्ये प्रसिद्ध झाली. मोठं ऑपरेशन झालेले चार हजारांहून अधिक रुग्ण, निम्म्यांना कमी मात्रेचं हेपरिन, निम्म्यांना नाही. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यात फुफ्फुसातल्या गुठळीने १६ जण दगावले, ज्यांना दिलं त्यांच्यात २. तुमच्या हातातली सुई त्याच हेपरिनची पुढची, जास्त सुटसुटीत पिढी आहे.

आता डागांचं. सुई जिथे टोचली तिथे औषध कातडीखाली साठतं आणि तेवढ्याच जागी बारीक केशवाहिनीतून थोडं रक्त पाझरतं. तो डाग कातडीपुरता असतो. तो आतल्या रक्तस्रावाची खूण नाही. पण तो कमी करता येतो. बेंबीपासून चार बोटं तरी दूर, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, जुना डाग सोडून. चिमटीत कातडीची जाड घडी धरा आणि औषध पूर्ण जाईपर्यंत सोडू नका. सुई सरळ उभी आत घाला, तिरकी नको. आयत्या भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा दिसतो, तो बाहेर काढायचा नसतो. शेवटी तोच औषधाचा उरलेला थेंब आत ढकलतो. दट्ट्या सावकाश दाबा. सुई काढल्यावर कापूस नुसता धरून ठेवा, चोळू नका. तुम्ही स्पिरिटच्या बोळ्याने जोरात चोळत असणार, असा माझा अंदाज आहे. जवळजवळ सगळेच चोळतात.

दुखण्यासाठी घरात पडलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या बाबांना आपल्या मनाने देऊ नका, या सुईबरोबर त्यांनी रक्तस्राव वाढतो. सर्जननी लिहून दिलेल्या गोळ्या चालतील. बाबांना मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तोही फोनवर सांगा, कारण हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर जातं आणि कधी मात्रा कमी करावी लागते.

चालण्याचं मात्र बाबांनाच सांगायचं आहे, आणि तुम्ही सांगून ऐकत नसतील तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा. बाबा, तुम्हाला लांब चालायचं नाहीये. जागे असाल तेव्हा दर तासाला उठून वॉकर घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं आणि परत यायचं, तेवढं पुरे. बसलेले किंवा पडलेले असाल तेव्हा दोन्ही पावलांचे पंजे आपल्याकडे ओढायचे, मग पुढे ढकलायचे, दहा-वीस वेळा. पोटरी आवळलेली जाणवली पाहिजे. खुर्चीत एका दमात अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त बसायचं नाही. आणि लघवीला उठायला लागतं म्हणून पाणी कमी प्यायचं नाही. उठावं लागणं तुमच्या पायांच्या फायद्याचंच आहे.

कधी धावायचं, ते नीट लक्षात ठेवा. एका पायाची सूज एकदम वाढली, पोटरी किंवा मांडी ताठ, गरम, दुखरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला, दीर्घ श्वास घेताना छातीत चमक आली, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर येऊन पडायला झालं, तर फोनाफोनी करत बसू नका, तडक तातडीच्या विभागात न्या. दुसऱ्या बाजूचीही लक्षणं आहेत. जखमेवरची पट्टी रक्ताने भिजत राहणं, जखमेभोवती फुगवटा वाढत जाणं, डांबरासारखी काळी शौच, लघवीतून रक्त, पडून डोक्याला मार लागणं, एकाएकी भयंकर डोकं दुखणं किंवा पायातली शक्ती जाणं. यातलं काहीही झालं तर पुढची सुई देण्याआधी डॉक्टरांशी बोला. सुई थांबवायची वेळ येऊ शकते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, घरच्या वादातून नाही.

ऑपरेशन झालेल्या पायाला थोडी सूज राहतेच, मग वाढली हे ओळखायचं कसं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. त्यासाठी शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनने खूण करा आणि रोज सकाळी बाबा उठायच्या आधी त्या खुणेवर पोटरीचा घेर मोजून वहीत लिहा. उजव्या-डाव्यात तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, किंवा कालच्यापेक्षा आज आकडा एकदम वाढला, तर फोन करायचा. आकडा ठीक असला आणि तरीही पाय दुखत असला, तरीही फोन करायचा. वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या सुईची तारीख लिहून ठेवा, चुकलेल्या सुईमुळे ती पुढे न्यायची का ते सर्जनना विचारून. सुई तुम्ही देता, तर टेप दादांच्या हाती द्या. त्यांना आकडे हवेच आहेत.